नार्नियाचा पत्ता : व्हाया लोहा, कंधार

लाँग वीकएंड आला की आपण सगळे लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन बसतो. या श्रावणात मी उलट्या दिशेची स्लीपर ट्रॅव्हल्स पकडली. लातूर! तिथे माझी बहीण असते आणि तिची दोन कार्टी. भाची अकरा वर्षांची, भाचा आठचा. भाचीचा फाउंडेशन क्लास सुरू झालाय. 'लातूर पॅटर्न'च्या गावात डॉक्टर व्हायची तयारी सहावीपासून, त्यामुळे गोष्टीच्या पुस्तकाला मिळतात क्लास आणि जेवण यांच्यामधली वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत ती नार्निया वाचते.

"मामा, असलं सगळं बर्फाच्या देशातच होतं ना?" तिने विचारलं. अगदी सहज. मला मात्र ते लागलं.

कारण तसं काही नाही. सी. एस. लुईसने 1950 मध्ये जी चार भावंडं कपाटातून पलीकडे पाठवली, ती लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांमुळे एका जुन्या वाड्यात येऊन पडलेली साधी पोरं होती. त्याच्याही आधी, 1902 मध्ये, ई. नेस्बिटच्या पाच भावंडांना वाळूतला एक चिडका प्राणी सापडला तो चक्क खडीच्या खाणीत. तो रोज एक इच्छा पुरी करायचा, पण सूर्य मावळला की जादू खलास. म्हणजे सामान काय लागतं? मोठी माणसं जरा बाजूला, भावंडांची भांडणं आणि स्वतःचे नियम असलेला एखादा विचित्र प्राणी. खडीच्या खाणी आपल्याकडे कमी आहेत का?

प्राण्याचं काम त्याच रात्री झालं. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. बहिणीच्या सासूबाईंनी दोघांना शेजारी घेतलं आणि कहाणी सुरू केली. माहेर नसलेली धाकटी सून. तिला न्यायला माणसाच्या रूपात नाग येतो आणि थेट वारुळात घेऊन जातो. तिथे तिच्या हातून दिवा पडतो, नागाच्या पिल्लांची शेपटं भाजतात. पिल्लं मोठी होतात आणि सूड घ्यायला तिच्या घरी येतात. बघतात तर काय, ती त्यांचीच चित्रं काढून, दूध-लाह्या ठेवून, माझे भाऊ सुखी असू देत म्हणतेय. ती दूध पितात आणि नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात.

लहानपणी मी ही गोष्ट जांभया देत ऐकली होती. भाचा मात्र उठून बसला. "मग ती साप तिची भावंडं झाली?"

"झालीच की रे," आजी म्हणाल्या. "रक्ताचीच लागतात का?"

लुईससाहेब, ऐकताय ना?

सकाळी गाडी काढली. आधी औशावरून खरोसा. सहाव्या शतकातल्या लेण्या, मूर्ती बऱ्याच झिजलेल्या. पण अर्धा माणूस, अर्धा सिंह असलेला नृसिंह आहे, कार्तिकेय आहे. कार्तिकेय दिसल्याबरोबर गणपतीबरोबरची पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत निघाली. मोर विरुद्ध उंदीर, भाऊ विरुद्ध भाऊ. गणपती आईबाबांभोवती फिरून जिंकला ही सरळसरळ चीटिंग आहे, असं भाच्याचं ठाम मत. (धाकट्यांच्या बाजूने मीही आहे, पण बहीण गाडीत होती.)

खरं प्रकरण दुसऱ्या दिवशी. लातूरहून नांदेडकडे निघालं की अहमदपूर, मग लोहा, आणि लोह्याहून आत वळलं की कंधार. राष्ट्रकूटांचं गाव. तिसऱ्या कृष्णाचं, दहाव्या शतकातलं नाव या गावाशी जोडलेलं आहे. भुईकोट किल्ला, भोवती रुंद खंदक, जवळच राष्ट्रकूटांच्या काळातला मोठा तलाव. त्याचं नावच 'जगत्तुंग समुद्र'. पण मुलांना घेऊन जायचं ते क्षेत्रपालासाठी. एका अवाढव्य दगडी मूर्तीचे हे तुकडे. पूर्ण होती तेव्हा ती पन्नास फुटांच्या वर असावी असा अंदाज आहे. आता उरलेत ते सुटे अवयव. पायाची बोटं बघूनच भाचा गप्प झाला. तो गप्प होणं हीच मुळात फँटसी.

इथे एखाद्या लेखकाने दोन भावंडं आणून सोडायला काय हरकत होती? 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहिणारे रत्नाकर मतकरी 2020 मध्ये गेले. 'चांदोबा' आता निघत नाही. 1971 पासूनचा 'किशोर' टिकून आहे, हे नशीब. पण माझ्या भाचीला कंधारच्या राक्षसाची कादंबरी हवी असेल तर मी कुठल्या दुकानात जाऊ? मॉलमधल्या चकचकीत शेल्फवर तर मला ती कधी दिसली नाही.

तोपर्यंत तिकडे कामाला सुरुवात झाली होती. तुकडे जोडायचे कसे यावरून मारामारी. भाची म्हणाली, तो राक्षस नाही, क्षेत्रपाल आहे, राखणदार. भाचा म्हणाला, असू दे, पण हजार वर्षांनी उठला तर त्याला तहान लागणारच. तलाव संपवला तर?

लातूरची पोरं ही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, तेव्हा भाचा जन्मलाही नव्हता. पण ती गोष्ट त्याने आईकडून शंभरदा ऐकलीय.

"मग मिरजेला फोन करायचा," तो म्हणाला.

"आधी विचारायचं त्याला, किती डबे लागतील," भाची म्हणाली. लोहा येईपर्यंत आकडा पन्नासवर गेला होता.