व्ह्यूची नक्कल

१९८८ साली आयबीएमने आणलेली एएस/४०० आता ‘आयबीएम आय’ या नावाने नांदते आहे, आणि परदेशी ग्राहकांसाठी तिच्यावरचं काम चेन्नईतल्या आयटी कंपन्यांत आजही चालतं. या प्रणालीवर एका लायब्ररीतला व्ह्यू दुसरीत न्यायचा तर तयार ऑब्जेक्टची नक्कल करू नये, मूळ एसक्यूएलवरून तो नव्याने बांधावा, असं माझं ठाम मत आहे. व्ह्यूत स्वतःचा डेटा नसतो; तो टेबलातल्या नोंदी दाखवतो. ते टेबल कुठल्या लायब्ररीतलं, हे तो तयार होतानाच ठरतं. पुढे लायब्ररी लिस्ट बदलली तरी तो तिकडेच पाहतो. म्हणजे नक्कल करून टेस्टमध्ये आणलेला व्ह्यू प्रॉडक्शनमधल्या नोंदी दाखवत राहू शकतो, आणि एरर मात्र येत नाही. मला धास्ती वाटते ती याचीच.

ऑब्जेक्टची नक्कल करणारी सीआरटीडीयूपीओबीजे ही कमांड एका ओळीत काम उरकते, असं कुणी म्हणेल. व्ह्यू ही एक लॉजिकल फाइलच; टेबल आणि त्यावरची लॉजिकल फाइल एकाच लायब्ररीत असतील आणि टेबल आधी हलवलं असेल, तर जोडणी नव्या टेबलाशी होतेही. पण टेबलं दोन लायब्रऱ्यांत विखुरलेली असली की हा भरवसा संपतो. मूळ स्क्रिप्ट सापडत नसेल तर ‘जनरेट एसक्यूएल’ ही सोय ती काढून देते. तिच्यातलं जुन्या लायब्ररीचं नाव तेवढं बदलावं. अधिकार पुन्हा द्यावे लागतात, हा त्रास मान्य. मग फाइलचं वर्णन दाखवणारी डीएसपीएफडी ही कमांड चालवावी आणि व्ह्यू कोणत्या लायब्ररीतल्या टेबलावर उभा आहे, ते वाचावं.