ऑस्करच्या मॉलमध्ये
हॉलिवूड बुलेवार्डवर डॉल्बी थिएटर शोधत निघाले आणि पोचले थेट मॉलमध्ये! टीव्हीवर दिसणारा तो भव्य जिना चक्क दुकानांच्या मधोमध. ऑस्करच्या रात्री दुकानं पडद्याआड जातात. आत कुणी उठलं, की रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून लगेच ‘सीट फिलर’ येऊन बसतो. सगळा आटापिटा फ्रेमसाठी, बॉस!

वाटेवरच्या खांबांवर सर्वोत्कृष्ट चित्रपटांची नावं आहेत. ‘गांधी’पाशी थबकले. याच सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये कोल्हापूरच्या भानू अथैया पहिल्या भारतीय ऑस्करविजेत्या ठरल्या. नीट जपलं जावं म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ते ऑस्कर अकादमीकडेच सोपवलं. खांबावर त्यांचं नाव नाही. फोटो काढून आईला पाठवला : ‘आपल्या भानूताई इथेच आहेत गं, फ्रेमबाहेर.’