थंड लागणारे भिंग

तंजावरहून तिरुचिरापल्लीच्या वाटेला लागले की दहा-बारा किलोमीटरांवर वल्लम लागते. तिथल्या जमिनीत सापडणारा पारदर्शक स्फटिक, म्हणजे निर्मळ गारगोटी, घासून चष्म्याची भिंगे करण्याची कला तंजावरात जुनी. तंजावरच्या एका मराठी घरातील आजोबांची अशाच एका दगडी चष्म्यावर आयुष्यभर श्रद्धा होती. दगड डोळ्यांना थंडावा देतो आणि उन्हापासून राखतो, असे त्यांनी वडिलांकडून ऐकले होते. मोतीबिंदू वाढत चालला, तरी शस्त्रक्रियेचा विषय निघाला की ते भिंग गालाला टेकवून दाखवीत, आणि बोलणे तिथेच संपे.

त्यांची नात भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. भिंग खरोखर दगडाचे आहे का, हे तिने आधी पाहिले. लॅपटॉपच्या पडद्याचा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत असतो. तिने पडद्यासमोर पोलरॉइडचा तुकडा धरून फिरवला आणि पांढरा पडदा काळा केला. मग दोहोंच्या मध्ये चष्मा धरला. साधी काच असती तर अंधार तसाच राहिला असता. भिंगात मात्र रंग उजळले. क्वार्ट्झमध्ये प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात. त्याचे अपवर्तनांक १.५४४ आणि १.५५३. एवढ्याशा फरकातून ते रंग उमटतात. आजोबांना धन्यता वाटली.

थंडावाही खोटा नव्हता. क्वार्ट्झ काचेच्या कित्येक पट वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणून तो गालाची ऊब झटकन ओढून घेतो. पण ती थंडी गालाची. भिंग डोळ्याला टेकतच नाही.

खरी अडचण तिला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सापडली. द्रावणातून अतिनील किरण पाठवायचे असले की काचेची पात्रे बाजूला ठेवून क्वार्ट्झची घेतात, कारण काच त्या किरणांचा कमी तरंगलांबीचा भाग अडवते आणि क्वार्ट्झ तो जाऊ देतो. ही गोष्ट तिला पाठ होती. घरातल्या चष्म्याशी तिने ती कधी जोडली नव्हती. मोतीबिंदूला हातभार लावणाऱ्या कारणांत ऊनातले अतिनील किरण मोडतात. ज्या दगडावर आजोबांनी डोळ्यांचे रक्षण सोपवले होते, तो त्या किरणांना साध्या काचेइतकाही अडवत नव्हता.

हे सांगावे कसे? तिने प्रयोगशाळेत पाहिलेल्या एका पातळ चकतीपासून सुरुवात केली. ती कृत्रिम क्वार्ट्झची होती. आजोबांचा पहिला प्रश्न, “भट्टीत केलेला, म्हणजे नकलीच ना?”

नकली नव्हे. गारगोटी वितळवून थंड केली तर स्फटिक मिळत नाही, काच मिळते. शिवाय ५७३ अंश सेल्सिअसच्या वर क्वार्ट्झची अणुरचनाच पालटते. बंगळूरूत रामन आणि नेडुंगडी यांनी १९४० साली याच बदलाचा अभ्यास प्रकाशाच्या साहाय्याने केला. तापमान वाढत जाते तसे स्फटिकातील एक कंपन शिथिल होत जाते, असे त्यांना दिसले. म्हणून स्फटिक त्या मर्यादेच्या खालीच वाढवावा लागतो. पोलादी पात्राच्या तळाशी नैसर्गिक क्वार्ट्झचे तुकडे, वरच्या भागात बीजस्फटिकाच्या पट्ट्या आणि मध्ये अल्कधर्मी पाणी. तापमान ३५० ते ४०० अंश आणि दाब वातावरणाच्या हजारपट. अधिक तापलेल्या तळाशी क्वार्ट्झ विरघळतो आणि वर, थोड्या कमी तापमानात, बीजावर थर धरतो. वाढ दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. जमिनीत जे घडले तेच इथे घडते. फक्त मळ, बुडबुडे आणि रचनेतील दोष फार कमी.

या शुद्धतेमुळेच तो कामाचा. एक मिलिमीटर जाडीची योग्य छेदाची चकती सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण-प्रतल सुमारे २१.७ अंशांनी फिरवते. लेसरच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलणाऱ्या पट्ट्या, अतिनील किरणांसाठीचे लोलक आणि अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतील गाळण्या यापासून होतात. मनगटी घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा तुकडाही क्वार्ट्झचाच.

मग तिने पात्रांची गोष्ट सांगितली. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्याच शहरात सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. त्या राजाने डोळा श्रद्धेवर सोडला नव्हता. पाहिले आणि लिहून ठेवले, एवढेच नात म्हणाली.

पुढच्याच महिन्यात शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात बसवलेले भिंग पारदर्शक बहुवारिकाचे, संपूर्ण मानवनिर्मित आणि अतिनील किरण शोषून घेणारे. दगडाकडून जी अपेक्षा होती, ती शेवटी त्याने पुरी केली.

दगडी चष्मा आता नातीकडे असतो. विद्यार्थी आले की ती तो पडद्यासमोर धरते आणि रंग दाखवते. गालाला टेकवून पाहायला मात्र आजोबाच सांगतात.