तीन पैशांचा चिमटा

काशीतल्या दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढून वर आले, की गल्ली एकाएकी इतकी अरुंद होते, की समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभे राहावे लागते. एका अंगाला ब्रह्माघाट, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मराठी वाडे एकमेकांना टेकून उभे. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी येथे घाट बांधले. त्यांच्या आगेमागे वैदिक आले, शास्त्री आले, काशीवासाला आलेल्या विधवा आल्या. आले ते राहिले. दोन-तीन पिढ्यांनंतर ज्या गावाहून आलो त्या गावाचे नाव तेवढे आडनावात उरले.

अशाच एका वाड्यात १९५७ साली नऊ वर्षांची एक मुलगी राहत होती. तिचे आजोबा तीर्थोपाध्याय होते. सातारा, वाई, नाशिक, वऱ्हाड अशा मुलखांतून यात्रेकरू येत, आठ-आठ दिवस माडीवर उतरत, पंचगंगेवर स्नान आणि गयेस जाण्यापूर्वीचे विधी उरकत आणि जाताना आजोबांच्या वहीत आपले, बापाचे, आज्याचे नाव लिहून जात. जुन्या वह्या मोडीत होत्या, त्या तिला लागत नसत. नव्या वह्या बाळबोध होत्या आणि मराठी वाचायला ती शिकली ती त्या वह्यांवर. शाळा हिंदी होती. दोन्ही भाषांची लिपी एकच, म्हणून कुणी तिला वेगळे शिकवले नाही. फक्त ‘ळ’ हे अक्षर शाळेत भेटत नसे, ते घरीच असे. ‘काळे’, ‘जवळकर’ अशी नावे वाचताना तिला वाटे, की हे अक्षर खास घरच्या माणसांसाठी राखून ठेवलेले आहे.

पुण्यामुंबईची मुले त्या काळात ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ वाचत होती. दुर्गाघाटापर्यंत ती मंडळी पोहोचली नव्हती. घरात ‘हरिविजय’ होता, ‘पांडवप्रताप’ होता, पंचांगे होती आणि यात्रेकरूंनी विसरलेली एखाददुसरी स्तोत्रांची पुस्तिका. मुलांसाठी कुणी मुद्दाम लिहिते, हे तिच्या कानावरही नव्हते.

धाकटा काका एका हिंदी छापखान्यात मुद्रिते तपासायला जात असे. काशीतल्या मराठी घरांना हा व्यवसाय परका नव्हता. १९२० साली निघालेल्या ‘आज’ या दैनिकाला ज्यांनी घडवले ते बाबूराव विष्णु पराडकर काशीतच जन्मलेले. ‘भारतमित्र’चे संपादन केलेले लक्ष्मण नारायण गर्दे हेही काशीचेच. घरी मराठी बोलणारी ही माणसे हिंदीच्या पत्रकारितेची वळणे ठरवीत होती. काका त्यांच्या पंगतीतला नव्हे. पण संध्याकाळी तो छापखान्यातून कातरलेल्या कागदांच्या पट्ट्या आणी, त्यांच्या पाठीवर ती गणिते करी, आणि त्याच्या खोलीतल्या उंच फळीवर हिंदी पुस्तकांची एक रांग होती. तिला हात लावायची मनाई नव्हती. हात पोहोचत नसे, इतकेच.

त्या वर्षी मार्गशीर्षात काशीत कडाक्याची थंडी पडली होती. शाळेला सुटी होती. एका दुपारी ती धान्याच्या पिंपावर चढली आणि फळीवरून एक पुस्तक काढले. नाव होते ‘मानसरोवर’. तिने ते घेतले त्याचे कारण साधे होते. घरात येणारी जाणारी माणसे सदा यात्रेच्याच गोष्टी करीत. तेव्हा हे कैलास-मानसरोवराच्या यात्रेचे वर्णन असणार, हिमाची चित्रे असणार, असा तिचा समज झाला. चित्र एकही नव्हते. पहिल्या गोष्टीचे नाव ‘अलग्योझा’. ते तिला कळेना. म्हणून पाने उलटून ती दुसऱ्या गोष्टीवर आली. तिचे नाव ‘ईदगाह’.

पिंपावरून खाली उतरायचे ती विसरली. हामिद नावाचा चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा. बाप पटकीने गेलेला, आई पिवळी पडत पडत गेलेली. घरात एकटी म्हातारी आजी अमीना. ईदच्या जत्रेला निघताना इतर पोरांच्या खिशात बारा-पंधरा पैसे आणि याच्याजवळ तीन. बाकीचे मातीचे शिपाई, भिस्ती, वकील घेतात, मिठाई खातात. हा लोखंडाच्या दुकानाशी थांबतो, कारण पोळ्या उलटताना आजीचे हात भाजतात. ही गोष्ट आज भारतातल्या शाळाशाळांतून शिकवली जाते. ती सांगून टाकण्यात आता काही नवल राहिलेले नाही. परंतु जिला ती कुणी शिकवली नव्हती, जिला तिच्या शेवटी आपण रडणार आहोत हे ठाऊक नव्हते, तिची गोष्ट वेगळी. तिला पहिल्यांदा कळले, की पुस्तकातल्या माणसाला भूक लागते, आणि भूक लागूनही तो तसे म्हणत नाही. पोथीतल्या कुणाचा हात चुलीवर भाजल्याचे तिने ऐकले नव्हते.

भाजलेले हात मात्र तिने रोज पाहिले होते. ते आक्काआजीचे. आक्काआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा झालेली, तेव्हापासून भावाच्या घरी. लाल आलवण, केशवपन, एकभुक्त. यात्रेकरूंचा सोवळ्याचा स्वयंपाक तिच्याकडे. ती शेगडीवरची पोळी बोटांनीच उलटी आणि बोटांनीच निखाऱ्यावर फुलवी. बोटांची टोके काळी व टणक झाली होती, घट्टे पडलेली. रात्री दिवा लागल्यावर ती शेगडीशी हात शेकीत बसे आणि नातीला म्हणे, ‘शाळेत काय शिकलीस ते सांग.’ ती कधी शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे तिला कोणताही विषय चाले. भूगोलसुद्धा.

त्या रात्री मुलीने ती गोष्ट सांगितली. सांगायला लागली आणि अडली. समोर सोवळ्यातली म्हातारी. ईद कशी म्हणायची? खिडकीतून पंचगंगेवरची आलमगिरी मशीद दिसत असे. सारे तिला धरहरा म्हणत. बिंदुमाधवाचे मंदिर पाडून ती उभी केली, हे घरातल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक. अलईपुऱ्याहून एक विणकर मियाँ गाठोडे घेऊन येत. यात्रेकरू त्यांच्याकडून रेशमी कद विकत घेत. मियाँ ओट्यावर बसत, उंबऱ्याच्या आत येत नसत, आणि त्यांनी विणलेले रेशीम मात्र सोवळे म्हणून थेट देवघरापर्यंत जाई. हा व्यवहार कुणालाच विचित्र वाटत नव्हता, तिलाही नाही. पण त्याच घरात हामिदला कुठे बसवायचे, हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीला पडला. तिने तो पोरवयाच्या चलाखीने सोडवला. हामिदचा हरी झाला. ईदची जत्रा ही आषाढातल्या रथयात्रेचा मेळा झाली. अमीना नुसती ‘आजी’ राहिली.

आक्काआजीने सगळी गोष्ट ऐकली. मध्येच विचारले, ‘सकाळी घरून काही खाऊन निघाला होता का तो?’ मग शेवट ऐकला आणि बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, ‘सांडशी घेतली म्हणतेस?’

‘चिमटा.’

‘हां. सांडशी भांड्याला, चिमटा निखाऱ्याला. पोराला कळत होते.’ आणि मग, ‘तीन पैसे म्हणजे जुने की नवे?’

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याच वर्षीच्या एप्रिलात दशमान नाणी चालू झाली होती. चौसष्ट पैशांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा आला होता, आणि ठठेरी बाजारापासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे हिशेबाचे रण माजले होते. जुने, असे मुलीने सांगितले. आक्काआजीने बोटांवर मोजून पाहिले: जुने तीन म्हणजे नवे पाचाला थोडे कमी. ‘स्वस्त दिला,’ ती म्हणाली. ‘उद्या ते बाड आण आणि वाचून दाखव. सांगण्यात काहीतरी गाळले आहेस.’

दुसऱ्या दिवशी मुलीने दिवसभर पुस्तकाला हात लावला नाही. आक्काआजीला वाचता येत नव्हते, पण हिंदी तिला उत्तम कळे; सारा जन्म काशीत गेला होता. वाचताना हामिदचा हरी करीत जावे असे मुलीने ठरवले आणि पहिल्याच पानावर तिला ते अशक्य झाले, कारण रमजान, ईद, रोजे सारे पहिल्या ओळीपासूनच होते. तिने एकदा वर पाहिले आणि जसे छापले होते तसे वाचले. नाव आले. म्हातारीचा हात शेगडीवर होता तसाच राहिला. गोष्ट संपेपर्यंत ती बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘नाव बदललेस, आणि चिमटा तेवढा ठेवलास होय?’

एवढेच. ती रागावली की नाही, हे मुलीला त्या वेळी कळले नाही, पुढेही नाही. त्यानंतर आक्काआजी बदलली असे म्हणावे तर तेही खरे नाही. मियाँ ओट्यावरच बसत राहिले. त्यांच्या पाण्याचा पेला वेगळाच राहिला. फक्त पुढल्या खेपेस ते आले, तेव्हा आक्काआजीने दाराआडून विचारले, की तुमच्या घरी नातवंडे किती. इतक्या वर्षांत तिने हे विचारले नव्हते.

हे पुस्तक लिहिणारा प्रेमचंद कोण, असे मुलीने काकाला विचारले. दूरच्या, थोर, अप्राप्य अशा कुणाचे तरी नाव येईल ही अपेक्षा. काका हसला. ‘अगं, तो इथलाच. आजमगढच्या रस्त्यावर लमही आहे ना, तिथला.’ गावातच त्यांचा सरस्वती प्रेस होता, ‘हंस’ मासिक इथूनच निघे. १९३६ साली, आठ ऑक्टोबरला ते याच शहरात वारले, आणि पुढल्या वर्षी ‘हंस’चा जो स्मृतिअंक निघाला त्याचे संपादन पराडकरांनी केले. पराडकरांचे नाव घरात रोजचे होते. त्या धाग्याने प्रेमचंदही एकाएकी जवळच्या नात्यातले झाले. पण जवळ येताक्षणीच ते आपल्या जन्माच्या बारा वर्षे आधी गेलेले आहेत हेही कळले. तिला याचा जो विषाद वाटला तो हास्यास्पद म्हणता येईल. तिने मनाशी एक पत्र रचून ठेवले होते.

मग ती त्यांना मुलांचेच लेखक समजून वाचू लागली. ‘कुत्ते की कहानी’ काकाने आणून दिले. कल्लू नावाच्या कुत्र्याने स्वतः सांगितलेली ती हकीकत तिने इतक्यांदा वाचली, की पुस्तकाची शिवण सुटली. हा समज चौदाव्या वर्षी ‘कफन’ वाचून एका बैठकीत मोडला. हामिदची गोष्ट लिहिणारा हातच ही गोष्ट लिहू शकतो, हे पचवायला तिला काही वर्षे लागली. मुलांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा असा लेखक नसतोच, असे तिला पुढे वाटू लागले. ते मत सर्वांना मान्य होईल असे नाही.

१९५९च्या सुमारास वाईकडच्या एक यात्रेकरू बाई माडीवर ‘श्यामची आई’ विसरून गेल्या. विसरल्या की मुद्दाम ठेवून गेल्या, यावर घरात दोन मते होती. बेचाळीस रात्रींचे ते पुस्तक तिने आक्काआजीला रात्रीगणिक एक असे वाचून दाखवले. यातले मराठी यात्रेकरूंच्या वहीतले नव्हते आणि घरातल्या ‘अच्छा’, ‘लेकिन’ मिसळलेल्या बोलीतलेही नव्हते. काही शब्द आक्काआजीलाच ठाऊक होते. ती ते थांबवून समजावी, आणि समजावताना कोकणातल्या ज्या घरातून ती पाचव्या वर्षी निघाली त्या घराचे अंगण, माडाची झापे, विहिरीचा रहाट असे काही बाही बाहेर येई. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत लिहिले. ‘ईदगाह’ही १९३३ सालचीच. एक आई, एक आजी. दोघीही दारिद्र्याने गांजलेल्या. आणि दोन भाषांत एकाच वर्षी त्यांच्याकडे मुलाच्या डोळ्यांनी पाहिले गेले. मात्र श्यामला आई शिकवते, तर हामिदला कुणी काही शिकवत नाही. मुलीचे माप हामिदच्या बाजूने झुकले. आक्काआजीचे श्यामकडे.

हा लेखक स्वतः कसा वाचायला लागला, ते तिला महाविद्यालयात गेल्यावर वाचायला मिळाले. धनपतराय सात-आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली. पुढे वडिलांच्या बदलीमुळे गोरखपूरला असताना, तेराच्या आसपासच्या वयात, त्याला एका पुस्तकविक्रेत्याचे दुकान सापडले. विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा तो दुकानातून इंग्रजी पुस्तकांच्या किल्ल्या आणि टिपणे घेऊन शाळेतल्या मुलांना विकी आणि त्या बदल्यात दुकानातल्या उर्दू कादंबऱ्या घरी नेऊन वाची. सरशार, शरर, मग ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड. दोन-तीन वर्षांत शेकडो पुस्तके. पिंपावर चढून चोरटेपणाने पुस्तक काढणाऱ्या मुलीला हा मुलगा चांगला ओळखीचा वाटला. लमहीला ती त्यानंतर एकदा जाऊन आली. घर पडीक होते. अंगणात कुणाची तरी शेळी बांधलेली होती. ती फार वेळ थांबली नाही.

आक्काआजी १९६६ साली गेली. सोवळ्याचे स्वयंपाकघर तिच्यामागून फार काळ चालले नाही. यात्रेकरूही धर्मशाळांत व लॉजांत उतरू लागले. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. तिथे तिच्या मराठीला सासरची मंडळी हसत, आणि हिंदीला कुणी हसत नसे, कारण तसे हिंदी तिथे कुणाला येत नव्हते.

१९८० साली ३१ जुलैला प्रेमचंदांच्या जन्मशताब्दीचे तिकीट निघाले. तीस पैशांचे. काकाने काशीहून पाठवलेल्या पत्रावर ते होते. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला तिकिटे जमवायचा नाद. त्याने पाकिटाचा तो कोपरा पाण्यात भिजवून तिकीट सोडवले, वहीच्या पानावर वाळत घातले आणि हा मिशीवाला माणूस कोण, असे विचारले. तिने गोष्ट सांगितली, मराठीत. हामिदला हामिद म्हटले, ईदला ईद. मुलाने ती शेवटपर्यंत ऐकली. चिमट्याविषयी त्याने काही विचारले नाही.

‘तीन पैशांत काय येणार आई? हे तिकीटच तीस पैशांचे आहे.’

‘जुने पैसे,’ ती म्हणाली. ‘चौसष्टांचा रुपया होता तेव्हा.’ आणि बोटांवर मोजू लागली.