अब्बांनी भरलेलं पेट्रोल

अब्बांच्या इन्तकालानंतर साडेतीन वर्षं त्यांची मारुती 800 गावच्या घराच्या पडवीला लागून असलेल्या शेडमध्ये उभी होती. 2012 सालची, पांढरी. किल्ली दाराच्या मागच्या खिळ्याला, अब्बांच्या टोपीशेजारी. आम्ही चौघं भावंडं सुट्टीला यायचो, त्या खिळ्याकडे बघायचो आणि परत जायचो.

मे 2021 मध्ये अब्बा गेले. त्याआधीचा महिना गावात कुणालाच विसरता येणार नाही. ॲम्ब्युलन्सला फोन लागत नव्हता, लागला तर गाडी यायला तास-दोन तास. अब्बा माणसांना मागच्या सीटवर झोपवून चिपळूणला न्यायचे, चारही काचा उघड्या टाकून. पंप कधी बंद होईल याचा भरवसा नाही म्हणून एके दिवशी त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. आठवड्याभरात त्यांनाच ताप आला. त्यांना मात्र ॲम्ब्युलन्सनेच नेलं, ही गाडी दारातच राहिली. कुणाला नेताना लागण झाली हे अम्मीने कधी विचारलं नाही, आम्हीही नाही.

इद्दत संपल्यावर आमच्यातल्या धाकट्याने एकदा गाडीचा विषय काढला होता. अम्मी म्हणाली, "राहू दे. त्यांनी भरलेलं पेट्रोल आहे त्यात." थोरले भाईजान कुवेतहून म्हणाले, अम्मीला दुखवू नका. तेवढ्यावर विषय मिटला. खरं सांगायचं तर मिटला नाही, आम्ही तो मिटवून घेतला. गाडीचा विषय निघाला की पाठोपाठ घराचा निघणार, आंब्याच्या कलमांचा निघणार, हिश्श्यांचा निघणार. अम्मीच्या दुःखाचा पदर आम्हाला लपायला बरा होता.

डिसेंबर 2024 मध्ये चौघंही एकाच वेळी गावी आलो, हे फार वर्षांनी घडलं. अम्मीचे गुडघे धरले होते, दर पंधरा दिवसांनी चिपळूणला डॉक्टरकडे न्यावं लागे आणि रिक्षात चढताना तिला रडू यायचं. यावेळी गाडीचं नाव तिनेच काढलं. "चालू होते का बघा," एवढंच म्हणाली.

आपाचा मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला. मामूंना दाखवायला तो उत्साहाने पुढे झाला. बॅटरी मेलेली होती, तर शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायरी जोडून करंट घेतला. बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, एकदा पेटलं, सगळी गाडी थरथरली. अम्मी ओटीवर उठून उभी राहिली. दहा-बारा सेकंदांत खोकल्यासारखा आवाज करून ते बंद पडलं, ते पुन्हा काही केल्या लागेना. भाच्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, मामू, हा पेट्रोलचा वास नाही. खरंच नव्हता. जुन्या वॉर्निशच्या डब्यासारखा, आंबट वास होता.

"काढून टाकू," आम्ही म्हटलं. आम्हीच म्हटलं, हे लिहून ठेवतो, कारण नंतर सगळे त्या पोरालाच बोलत होते. बागेतली नळी कापली, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं त्याने तोंडात धरून ओढलं. आमच्या लहानपणी अब्बांच्या स्कूटरमधून आम्हीही असंच काढायचो, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. तो घोट थेट त्याच्या घशात गेला. ठसका लागला, डोळे पांढरे झाले, खोकला थांबेना.

त्यानंतरची पाच मिनिटं घरात जितकी माणसं तितके उपाय. खाला मिठाचं पाणी घेऊन धावल्या, उलटी काढा म्हणाल्या. कुणी दूध आणलं. पोरगा खोकत होता म्हणून त्याला पाजता आलं नाही, अल्लाहचे आभार. सरळ गाडी करून सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, उलटी करवली का? नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेलं वाईट, म्हणाल्या. ते इतकं पातळ असतं की उलटीबरोबर वर आलं की श्वासनलिकेत सहज उतरतं आणि फुप्फुसाला सूज आणतं. म्हणून मीठ-पाणी नाही, बोटं घालणं नाही, दुधाचा आग्रह नाही. पेट्रोल सांडलेले कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. त्रास काही वेळा तासांनंतर सुरू होतो, म्हणून त्याला रात्रभर ठेवून घेतलं. छातीचा एक्स-रे संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर आपा आणि आम्ही तिघे भाऊ बसलो होतो. आपा बराच वेळ तस्बीह फिरवत होती. मग थांबून म्हणाली, "त्या गाडीत माझाही हिस्सा आहे. मला नकोय तो. पण साडेतीन वर्षांत एकदा तरी कुणी विचारलंत?" भाईजान काही बोलायला गेले, तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणता जपून ठेवलीय. जपून ठेवली असती तर माझा पोरगा आत झोपला नसता." आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

सकाळी एक्स-रे साफ आला, अल्हम्दुलिल्लाह. दुपारी अब्बांच्या ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. चिपळूणच्या बाजारात त्यांचं छोटं गॅरेज, अब्बा वीस वर्षं त्यांच्याचकडे जायचे. ते आले, गाडीला हात न लावता आधी शेडभोवती फिरले. "चूल कुठे पेटते?" विचारलं. पडवीच्या पलीकडे, पाणी तापवायची. "आज पेटवायची नाही. आणि मगरिबला लोबान फिरवता ना, तो या बाजूला आणायचा नाही." पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि चुलीपर्यंत पोचली की आग उलटी गाडीपर्यंत येते. आदल्या दिवशी आम्ही पत्र्याच्या बंद शेडमध्ये ते काम करत होतो आणि पाच पावलांवर पाण्याचा हंडा चुलीवर होता.

त्यांनी बॅटरीची वायर सोडवली, चौघांना लावून गाडी ढकलत उघड्या खळ्यात आणली, मोबाईल घरात ठेवायला लावले आणि टाकीच खाली उतरवली. पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये घेतलं तेव्हा आम्ही पाहिलं. कडक चहाचा रंग. कॅन तिरका केल्यावर तळाशी एक वेगळा थर हलत होता. मिस्त्री म्हणाले ते असं: पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही. त्यातला हलका, पटकन पेटणारा भाग आधी उडून जातो, म्हणून इंजिन लागत नाही. राहिलेल्या भागावर हवा काम करते आणि त्याचा डिंक होतो, तो फिल्टरात आणि इंजेक्टरच्या बारीक भोकांत बसतो. शिवाय पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. तेव्हा कमी होतं, आता 20 टक्क्यांपर्यंत आलंय. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि पंप तर तळातूनच ओढतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि गाडीने चार पावसाळे काढलेले. टाकीच्या आतल्या बाजूला गंजाची लाल भुकटी हाताला लागत होती.

"किल्ली फिरवायच्या आधी बोलावलं असतंत तर टाकी धुऊन काम झालं असतं," ते म्हणाले. त्या दहा सेकंदांत सगळी घाण पुढे गेली होती. फिल्टर नवा, पंप नवा, इंजेक्टर काढून साफ, तडकलेले रबरी पाइप बदलले, इंजिन ऑइल बदललं, एअर फिल्टरमधून उंदराचं घरटं निघालं. नऊ हजारांच्या वर गेलं.

आम्ही त्यांना विचारलं की थोडं थोडं नव्यात मिसळून संपवता आलं नसतं का. चार-सहा महिन्यांचं असतं आणि वास नीट असता तर आलं असतं, म्हणाले, एक भाग जुनं आणि बाकी सगळं ताजं. हे मात्र कामातून गेलंय. आणि ओतून टाकू म्हटल्यावर तर ते रागावलेच. आमची विहीर तिथून चाळीस पावलांवर. खाली जांभा, चाळणीसारखा दगड. ओतलेलं पेट्रोल पहिल्या पावसात विहिरीत, आणि त्याच पाण्याने आम्ही वजू करतो. शहरातल्या ज्या मोठ्या वर्कशॉपमधून असला घातक कचरा नोंद करून नेला जातो, तिथे ते कॅन पोचवतो म्हणाले आणि स्वतः टेम्पोतून घेऊन गेले.

आमच्या भागातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी आखातात आहे आणि निम्म्या शेडमध्ये अशी एखादी झाकलेली गाडी आहे, म्हणून त्यांनी भाईजानना जे सांगितलं ते इथे देतो. दोन-तीन महिन्यांसाठी जात असाल तर टाकी ताज्या पेट्रोलने जवळजवळ भरून ठेवा, अर्धी रिकामी टाकी जास्त हवा आणि जास्त ओलावा धरते. कुणाला तरी किल्ली द्या आणि पंधरा दिवसांनी गाडी रस्त्यावर सात-आठ किलोमीटर फिरवायला सांगा. दारात उभी करून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने काहीच होत नाही. वर्षभर कुणी हात लावणार नसेल तर टाकी रिकामी करून, बॅटरीची वायर काढून जा. डिझेल गाडीचंही तेच, फक्त तिथे डिंकापेक्षा पाण्याच्या थरात वाढणारी बुरशी फिल्टर चोंदवते.

कागदांचंही तसंच झालं होतं. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. आम्ही दोन्ही केलं नव्हतं. विमा संपलेला, पीयूसी संपलेली. म्हणजे त्या दिवशी इंजिन लागलं असतं तरी गाडी रस्त्यावर नेण्याचा आम्हाला हक्क नव्हता.

गाडी कुणाच्या नावावर करायची, हे ठरवायला म्हणून अखेर सगळे अम्मीच्या खोलीत बसलो. सूरह निसामधले हिस्से आम्हाला ठाऊक होते, कधी मांडले नव्हते, एवढंच. मिस्त्रींनी दुरुस्तीनंतरची किंमत 64 हजार सांगितली होती. अम्मीचा आठवा हिस्सा, आठ हजार. उरलेल्या 56 हजारांचे सात भाग: आपाला एक, आम्हा भावांना दोन-दोन. म्हणजे आपाला आठ आणि आम्हाला सोळा-सोळा. एवढ्या हिशेबाला आम्ही साडेतीन वर्षं भीत होतो. आम्ही तिघांनी आपले हिस्से अम्मीला दिले. आपाने लगेच होकार दिला नाही. तिने आधी आपले आठ हजार मोजून मागितले, हातात घेतले, आणि मग अम्मीच्या उशाखाली ठेवले. तिला तसं करायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. घराचा आणि कलमांचा कागद आता मौलाना आणि वकील दोघांना दाखवायचा ठरलाय.

पण त्याआधी एक राहिलं होतं. वाटणीच्या आधी कर्ज, हा क्रम मौलानांनी फोनवर आठवण करून दिला. अब्बांचं कर्ज नव्हतंच, आम्ही म्हटलं. जनाजाच्या वेळी भाईजाननी फोनवरून सगळ्यांना विचारायला लावलं होतं, कुणी पुढे आलं नव्हतं.

आरसी बुक शोधायला भाच्याने गाडीचा डॅशबोर्डचा खण उघडला तेव्हा अब्बांची छोटी डायरी मिळाली. कागद ओलाव्याने फुगलेले, शाई पसरलेली. किती किलोमीटर, किती लिटर, सगळं त्यांच्या अक्षरात. शेवटच्या पानावर ती भरलेली टाकी. त्याच्या वरच्या ओळीत, एप्रिल 2021: मिस्त्री, नवी बॅटरी 2,700. दिले 1,000. बाकी 1,700.

आम्ही त्याच दुपारी चिपळूणला गेलो. मिस्त्री ट्यूबमधल्या हवेचे बुडबुडे बघत बसले होते. डायरी पुढे धरली, तशी त्यांनी हात पुसले.

"तुम्ही बोलला का नाहीत?" आम्ही विचारलं. "जनाजाला होतात ना तुम्ही?"

"पाच माणसांनाच सोडत होते तेव्हा. मी लांब रस्त्यावर उभा होतो," ते म्हणाले. "आणि पुढं जुलैत पूर आला. गॅरेजात डोक्याच्या वर पाणी. माझी उधारीची वही त्यात गेली. कागद नाही आणि माणूस नाही, मागू कुणाच्या तोंडाने?"

आम्ही सतराशे रुपये मोजून त्यांच्या हातात दिले. त्यांनी पुन्हा मोजले, तीनशे वेगळे केले आणि आम्हाला परत दिले.

"जुनी बॅटरी त्यांनी मलाच दिली होती," ते म्हणाले. "तिचे वजा करायचे राहिले होते."