धातुमळी निवताना

तांब्याच्या भट्टीतून एक टन धातूमागे साधारण दोन टनांहून अधिक मळी निघते, आणि तिच्यात एक टक्क्याच्या आसपास तांबे उरलेले असते. आज कित्येक खाणी अर्ध्या टक्क्याच्या खनिजासाठी डोंगर पोखरत असताना या काळ्या, जड दगडाला टाकाऊ म्हणणे मला पटत नाही. मात्र केवळ टक्केवारीवर हिशेब मांडला की तो चुकतो. धातू कोणत्या रूपात अडकला आहे हे आधी पाहावे लागते, आणि तांब्यापुरते तरी ते मळी ओतली जाते त्याच दिवशी बरेचसे ठरून जाते.

मळीतले काही तांबे मॅटच्या, म्हणजे तांबे, लोखंड आणि गंधक यांच्या वितळलेल्या संयुगाच्या, बारीक थेंबांत असते. काही ऑक्साइड होऊन विरघळलेले. मॅग्नेटाइट वाढले की मळी दाट होते आणि थेंब तळाशी बसतच नाहीत. बाराशे अंशांवरची ही मळी मोठ्या भांड्यांत सावकाश निवू दिली, तर विरघळलेले तांबे वेगळे होऊन कणाला कण मिळतो. खडीसाखरेचा खडा धरायला पाक असाच हळू निवावा लागतो. मग ती फोडून बॉल मिलमध्ये दळायची आणि फ्लोटेशनच्या टाकीत हवेच्या बुडबुड्यांवर तांब्याचे कण वर आणायचे. फिनलंडमधील हार्यावाल्टात हीच वाट धरली आहे. उलट पाण्याच्या झोताखाली झटक्यात गार केलेली मळी काचेसारखी होते, आणि तिच्यातले सूक्ष्म कण कितीही दळले तरी नीट सुटत नाहीत.

पाण्याने गार करणे स्वस्त पडते, जागा कमी लागते, शिवाय ते दाणे जहाजांचा गंज काढायला विकले जातात, हा आक्षेप रास्त आहे. विजेच्या भट्टीत मळी आधीच नितळून घेतली असेल, तर दाणे करावेत. पण दळणाच्या विजेचा खर्च पुढे केला जातो, तेव्हा तुलना खाणीशी व्हायला हवी. मळी खनिजापेक्षा चिवट, ती अधिक बारीक दळावी लागते, हे खरे. तरी तेवढ्याच तांब्यासाठी खाणीत दुप्पट दगड दळावा लागतो, आणि त्याआधी तो फोडून उपसावाही लागतो.

कोबाल्टला मात्र सावकाश निववण्याचा हा उपाय चालत नाही. झांबियातील न्काना येथील मळीच्या जुन्या ढिगात तो लोखंडाची जागा घेऊन सिलिकेटच्या स्फटिकातच बसला आहे. कितीही हळू निववले तरी तो वेगळा होत नाही. म्हणून झांबियातच चंबिशीत ती मळी विजेच्या भट्टीत कोळशासह पुन्हा वितळवली गेली. तिथे सगळे कसब कोळशाच्या प्रमाणात आहे: कमी पडला तर कोबाल्ट मळीतच राहतो, जास्त झाला तर लोखंडही भरमसाट उतरते आणि पुढे आम्लात विरघळवून ते सारे वेगळे काढत बसावे लागते.