अनेक कंठांची एक उपासना

देवासमोर एकत्र उभे राहण्याची रीत खानदेशाला कुणी नव्याने शिकवावी लागत नाही. आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, आणि ज्यांना पंढरीची वाट चालणे जमले नाही ते सारे त्या रथाभोवती जमतात; रथ ओढणे हे एकट्याचे काम नव्हे, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. याच परिसरात दर रविवारी सकाळी ख्रिस्ती कुटुंबेही आपापल्या घरांतून निघून उपासनेसाठी एकत्र येतात. त्यांची संख्या थोडी, त्यांचा विधी वेगळा, त्यांची श्रद्धा वेगळी; तरी एकट्याने जे साधत नाही ते सर्वांनी मिळून साधते, हा अनुभव त्यांच्याही भक्तीच्या मुळाशी आहे. आधीच आनंदी असलेली माणसे जमली म्हणून या उपासनेत आनंद येत नाही. एकाच्या तोंडून जे शब्द निघत नाहीत ते शेजारचा त्याच्या वतीने उच्चारतो, म्हणून आनंद येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन संस्थेने वऱ्हाडात आणि खानदेशात काम उभे केले. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या गावांतील अनेक जुन्या मंडळ्यांची परंपरा त्या कामाशी जोडलेली आहे, आणि ‘अलायन्स’ हे नाव या भागात आजही ओळखीचे आहे. मंडळी म्हणजे नुसती इमारत नव्हे. एकाच विश्वासाने बांधलेल्या माणसांचा समुदाय, हा तिचा मूळ अर्थ होय. पश्चिमेकडे, आजच्या धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात, स्कँडिनेव्हियन मूळ असलेल्या मिशनांनी काम केले. कॅथलिक ख्रिस्ती समाजासाठी 1987 मध्ये नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि जळगाव व धुळे त्यात आले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे एका टक्क्याहून किंचित कमी होती, आणि त्यातला मोठा वाटा मुंबई-वसईच्या बाजूला आहे. त्यामुळे खानदेशातील ख्रिस्ती माणूस आठवड्याचे सहा दिवस शाळेत, बाजारात, रेल्वेत किंवा शेतात बहुधा आपल्या श्रद्धेपुरता एकटा असतो, आणि सातव्या दिवशी आपल्या घरची गाणी दुसऱ्यांच्या तोंडी ऐकताना त्याला जो दिलासा मिळतो तो मोठ्या संख्येत राहणाऱ्याला सहसा कळत नाही.

ही गाणी परकी नाहीत, आणि ती परकी राहू नयेत यासाठी काहींनी आयुष्य वेचले. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. पूर्वरंग, उत्तररंग, पदे आणि आख्यान हा कीर्तनाचा सारा साज त्यांनी ख्रिस्तकथेला चढवला. पुढे 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि पद यांतून जी गीते रचली, त्यांतील कितीतरी मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही गायली जातात. पेटी, ढोलकी आणि टाळ यांच्या साथीने ही पदे सुरू झाली की घरी अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलणारी, अक्षरओळख बेताचीच असलेली आजीसुद्धा पुस्तक न उघडता सर्व कडवी म्हणते, कारण ओवीची चाल तिच्या कानाला जात्यापासून परिचयाची असते. ज्या चालीत आईने दळण दळले त्याच चालीत तारणाची कथा ऐकू आली की श्रद्धा नुसती मान्य करण्याची गोष्ट राहत नाही, ती श्वासात उतरते.

उपासनेचा क्रमही विचारपूर्वक बांधलेला असतो. आरंभीच्या स्तुतिगीतानंतर पापांगीकार येतो, म्हणजे आपल्या चुकांची सर्वांनी मिळून दिलेली कबुली. ‘मी चुकलो’ हे एकट्याने म्हणताना लाज वाटते किंवा निराशा घेरते. परंतु पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, शिक्षक, हमाल आणि विद्यार्थी एकाच स्वरात ते म्हणतात, तेव्हा कबुलीचा भार हलका होतो आणि क्षमेचे वचन सर्वांना सारखे मिळते. त्यानंतर प्रतिवाचन होते, म्हणजे चालक स्तोत्राचे एक वचन वाचतो आणि मंडळी पुढचे. बायबलमधील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि त्यामुळे उपासनेतील आनंद दुःखाला दाराबाहेर थांबवीत नाही. मे-जूनच्या वादळात ज्याची केळीची बाग आडवी झाली तो शेतकरी त्या दिवशी स्तुती गाऊ शकत नसेल, तर विलापाच्या स्तोत्रात त्याच्यासाठी शब्द तयार असतात. आणि तेही ओठांवर येत नसतील, तर शेजारचा बाक ते म्हणतो. विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाचे संक्षिप्त विधान, याच कारणाने सर्वांनी मिळून म्हणायचे असते: एखाद्याचा विश्वास त्या सकाळी डळमळीत असला तरी मंडळीचा विश्वास त्याला उभे ठेवतो.

आनंदाचे स्थान गीतात असेल, तर शांतीचे स्थान प्रभुभोजनात आहे. येशूने आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस यांचे जे सामुदायिक सेवन होते, त्याला प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिक परंपरेत हा विधी मिस्सा या उपासनाविधीच्या केंद्रस्थानी असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने अशी अट घातली आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी समेट करावा. म्हणून येथे शांती म्हणजे तुटलेले नाते पुन्हा जोडणे होय, आणि हे काम कुणालाही एकांतात पुरे करता येत नाही. ज्या समाजात पाणवठेही जातीनुसार वेगळे होते, तेथे एकाच भाकरीचे तुकडे सर्वांनी घेणे ही केवढी उलथापालथ होती, हे नारायण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनावरून कळते. सोवळ्या-ओवळ्याच्या कडक संस्कारात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केला आहे हे उमगले, आणि मग कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती समुदायात प्रवेश देणारा जलसंस्कार, त्यानंतर, 1900 मध्ये झाला. एका ताटाची ही शांती त्यांना मनातील भिंत पाडूनच मिळाली.

ही शांती नेहमी निःशब्द असते असेही नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे आत्मिक जागरण झाले, त्यात शेकडो मुली आणि स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत; बाहेरून तो कल्लोळ वाटला असेल, पण दुष्काळातून आणि परित्यक्त अवस्थेतून आलेल्या त्या मुलींना आपला आवाज कुणी दाबत नाही हीच मोठी निश्चिंती होती. एकत्र गाण्याचा परिणाम शरीरावरही होतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की समूहात गाणाऱ्यांचे श्वास एका लयीत आल्यामुळे त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गतीही एकत्र वाढते आणि एकत्र मंदावते. श्रद्धेचा अर्थ या निष्कर्षात संपत नाही. परंतु मंडळीला ‘एक शरीर’ म्हणणाऱ्या प्रेषित पौलाच्या शिकवणीला त्यातून एक ठोस परिमाण मिळते.

या उपासनेचे मोल तिच्या अभावात सर्वांना कळले. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रार्थनास्थळे बंद झाली, 12 एप्रिलचा ईस्टर, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, घराघरांत पाळला गेला, आणि महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळांचे दरवाजे 16 नोव्हेंबरला उघडले. मोबाइलच्या पडद्यावरील उपदेशाने त्या काळात अनेकांना धीर दिला आणि अंथरुणाला खिळलेल्यांना तो आजही उपयोगी पडतो. पण पडद्यावर ऐकणाऱ्याच्या वतीने शेजारी कुणी गात नाही, आणि त्याला स्वतःलाही कुणासाठी गावे लागत नाही. म्हणून ज्यांचे पाय चालतात त्यांनी रविवारी मंडळीत यावे, आणि ज्यांचे चालत नाहीत त्यांच्या घरी मंडळीने पेटी-टाळ घेऊन जावे. एकट्या पडलेल्या माणसाच्या अंगणात एक गीत आणि एक प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावी. दोघे किंवा तिघे आपल्या नावाने जमले तरी आपण त्यांच्यामध्ये आहोत, असे आश्वासन ख्रिस्ताने दिलेले आहे.